सागरतळाची मालकी आणि एका विधिज्ञाची कारकीर्द : प्राइस डॅनियल व टेक्सासचा तेलवाद

१. प्रश्नाचे स्वरूप

समुद्राच्या पाण्याखालची भूमी कोणाची, हा प्रश्न त्या भूमीतून काढून घेण्याजोगे मोलाचे काही हाती लागत नव्हते तोपर्यंत बहुतांशी ग्रंथगतच राहिला. मासळी, कालवे, बंदरातील धक्के यांच्यापुरते नियम होते. त्यापलीकडे सागरतळाचा धनी ठरविण्याची निकड कोणास भासली नव्हती. खनिज तेलाने ही स्थिती पालटली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समरलँड येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी धक्के समुद्रात नेऊन त्यांवरून विहिरी खणण्यात आल्या. १९३८ मध्ये लुइझियानाच्या किनाऱ्याजवळ, मेक्सिकोच्या आखातात, क्रिओल नावाचे तेलक्षेत्र सापडले. १९४७ मध्ये त्याच आखातात किनारा दृष्टीआड होईल इतक्या अंतरावर विहिरीस तेल लागले. यंत्रविद्या जसजशी खोल पाण्याकडे सरकली, तसतसा विधिज्ञांपुढील प्रश्नही किनारा सोडून समुद्रात शिरला.

संघराज्यात हा प्रश्न दुहेरी असतो. किनाऱ्यावरील राष्ट्राची सत्ता समुद्रात किती दूरवर पोहोचते, हा त्याचा आंतरराष्ट्रीय भाग होय. राष्ट्राच्या वाट्यास आलेला तळ संघाचा मानावयाचा की घटकराज्याचा, हा त्याचा अंतर्गत भाग. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा दुसरा प्रश्न १९४७ ते १९६० या काळात न्यायालय, विधिमंडळ आणि अध्यक्षीय निवडणूक अशा तिन्ही आखाड्यांत लढविला गेला. या संपूर्ण काळात टेक्सास राज्याची बाजू प्रथम अ‍ॅटर्नी जनरल म्हणून, नंतर सेनेटर म्हणून मांडणारे आणि अंतिम निकालाच्या वेळी त्या राज्याचे गव्हर्नर असलेले विधिज्ञ म्हणजे प्राइस डॅनियल (१९१०–१९८८) होत. त्यांच्या कारकीर्दीचा धागा धरून या वादातील तत्त्वांचा उलगडा करणे, आणि न्यायालयात हरलेला पक्ष विधिमंडळात कसा जिंकला व त्या विजयाच्या मर्यादा कोणत्या हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. हा वाद अमेरिकेत 'टाइडलँड्‌स'चा वाद म्हणून ओळखला जातो. शब्दशः पाहिल्यास भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंतचा जो पट्टा आळीपाळीने बुडतो व उघडा पडतो, तो म्हणजे टाइडलँड. परंतु या पट्ट्यावरील राज्यांच्या मालकीबद्दल कधीच तंटा नव्हता. तंटा होता तो ओहोटीच्या रेषेपलीकडील, सदैव पाण्याखाली असणाऱ्या भूमीबद्दल. चुकीचे नाव रूढ झाल्यामुळे सर्वसामान्य मतदारास मात्र असे वाटत राहिले की, केंद्र सरकार राज्याचा किनाराच हिरावून घेत आहे. राजकारणात या गैरसमजाचा उपयोग राज्यांच्या पक्षास झाला, हे नाकारता येत नाही.

२. १९४७ पर्यंतची समजूत

१८४५ मध्ये पोलार्ड विरुद्ध हेगन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले होते की, नव्याने संघात येणारी राज्ये मूळच्या तेरा राज्यांच्या समान पायावर येतात. म्हणून आपल्या हद्दीतील नौकागम्य पाण्याखालच्या भूमीची मालकी त्यांच्याकडे असते. तो खटला अंतर्गत जलाशयांविषयीचा होता. तथापि समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्यासही तोच नियम लागू आहे असे पुढे शंभर वर्षे गृहीत धरले गेले. अमेरिकेचे अंतर्गत कारभारमंत्री हॅरॉल्ड इक्स यांनीदेखील १९३३ मध्ये, केंद्राकडून तेलपट्टा मागणाऱ्या एका अर्जदारास, किनाऱ्यालगतचा सागरतळ राज्याचा आहे असेच लेखी उत्तर दिले. तेलाचे प्रमाण व महत्त्व दिसू लागल्यावर अवघ्या चार वर्षांत, १९३७ च्या सुमारास, त्याच मंत्र्यांनी आपली भूमिका बदलली.

२८ सप्टेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी जी घोषणा केली, तिच्यामुळे भूखंडमंचाच्या कायद्याचा पाया घातला गेला. किनाऱ्यापासून उतरत जाणाऱ्या सागरमग्न भूखंडमंचातील नैसर्गिक संपत्ती अमेरिकेच्या अखत्यारीतील आहे, असे या घोषणेने जगास कळविले. वरच्या पाण्यावरील मुक्त नौकानयनास मात्र तिने हात लावला नाही. संघ व राज्ये यांच्यातील वादावर या घोषणेचा परिणाम होऊ नये, अशी दक्षता सोबतच्या आदेशात घेण्यात आली होती. म्हणजे संपत्ती राष्ट्राची झाली. राष्ट्रात ती कोणाची, हे न्यायालयावर सोपविले गेले.

केंद्राने कॅलिफोर्नियाविरुद्ध दावा लावला आणि २३ जून १९४७ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रात मालकीचा प्रश्न जाणूनबुजून मागे ठेवण्यात आला. समुद्राचे संरक्षण, परराष्ट्रांशी व्यवहार व युद्ध ही सर्व जबाबदारी संघाची आहे. म्हणून किनाऱ्यालगतच्या तीन मैलांच्या पट्ट्यावर, आणि त्याच्या तळातील तेलावरही, संघाचे 'सर्वश्रेष्ठ हक्क' आहेत, असा युक्तिवाद त्यात होता. संरक्षणाच्या कर्तव्यातून संपत्तीचा हक्क निघतो काय, हा आक्षेप भिन्नमताच्या न्यायमूर्ती रीड व फ्रँकफर्टर यांच्या लिखाणात दिसतो. संघ शेतजमिनीचेही संरक्षण करतो, पण म्हणून ती शेतजमीन संघाची होत नाही, ही अडचण या निकालाने सोडविली असे म्हणता येणार नाही.

३. टेक्सासचा पुरावा

डॅनियल यांचा जन्म टेक्सासमधील डेटन या लहान गावी झाला. बेलर विद्यापीठातून १९३२ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी लिबर्टी या गावी वकिली आरंभिली. १९३९ मध्ये ते राज्याच्या विधानसभेचे सदस्य झाले व १९४३ मध्ये तिचे सभापती झाले. त्यांनी सभागृहात प्रवेश केला त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने समुद्राखालील खनिजांचे उत्पन्न राज्याच्या कायम शाळा-निधीस वाहून टाकणारा कायदा केला. हा निधी १८५४ मध्ये वीस लाख डॉलर घालून स्थापन झालेला होता. पुढील वादाच्या दृष्टीने हा कायदा अत्यंत महत्त्वाचा ठरला; कारण त्यामुळे तेलकंपन्यांच्या पट्ट्यांचा प्रश्न शाळेतील मुलांच्या हक्काचा प्रश्न म्हणून मांडणे शक्य झाले.

महायुद्धात सैन्यात सेवा करून परतल्यावर डॅनियल जानेवारी १९४७ मध्ये टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. पदावर येऊन सहा महिने होण्यापूर्वीच कॅलिफोर्नियाचा निकाल लागला. टेक्सासविरुद्ध व लुइझियानाविरुद्ध केंद्राचे दावे १९४८ च्या अखेरीस दाखल झाले. डॅनियल यांच्यापुढे दोन मार्ग होते. कॅलिफोर्नियाचा निकालच चुकीचा आहे असे म्हणणे हा एक मार्ग. आणि तो निकाल बरोबर धरला तरी टेक्सासची गोष्ट वेगळी आहे असे दाखविणे हा दुसरा. त्यांनी भर दिला तो दुसऱ्यावर.

टेक्सासची गोष्ट वेगळी होतीही. १८३६ ते १८४५ या काळात टेक्सास हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. डिसेंबर १८३६ मध्ये त्याच्या विधिमंडळाने आपली सागरी हद्द किनाऱ्यापासून तीन लीग इतकी ठरविली. तीन लीग म्हणजे नऊ सागरी मैल. जमिनीवरील मोजमापाने साडेदहा मैलांस किंचित कमी. १८४५ च्या विलीनीकरणाच्या ठरावात टेक्सासने आपले कर्ज आपणच फेडावे, व त्याबदली आपल्या हद्दीतील पडीक व कोणास न दिलेल्या सर्व जमिनी स्वतःकडे ठेवाव्यात, अशी अट होती. अन्य राज्यांच्या बाबतीत अशा जमिनी केंद्राकडे जात. पुढे १८४८ मध्ये मेक्सिकोशी झालेल्या ग्वादलूपे इदाल्गोच्या तहातही दोन्ही राष्ट्रांची सीमा आखातात, रिओ ग्रांदे नदीच्या मुखासमोर, किनाऱ्यापासून तीन लीगवर सुरू होते असे नमूद झाले. थोडक्यात, टेक्सासचा दावा रूढीवर किंवा अनुमानावर उभा नव्हता. एक कायदा, एक विलीनीकरणाचा करार आणि एक तह अशा तीन लेखी आधारांवर तो उभा होता.

मात्र या लेखी आधारांची ताकद तीन लीगपुरतीच होती. १९४१ मध्ये टेक्सासने आपली हद्द सत्तावीस मैलांपर्यंत आणि १९४७ मध्ये भूखंडमंचाच्या बाहेरील कडेपर्यंत वाढविल्याचे जाहीर केले होते. जुन्या तहाचा आधार घेणाऱ्या पक्षाने नव्या घोषणांचे ओझेही त्याच दाव्यावर लादावे, यात धोरणाची चूक होती. मूळ दावा त्यामुळे बळकट न होता अवास्तव भासू लागला.

४. ५ जून १९५० चे दोन निकाल

टेक्सासच्या खटल्याचा निकाल ५ जून १९५० रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी लागला. न्यायमूर्ती जॅक्सन व क्लार्क यांनी भाग घेतला नाही. टॉम क्लार्क हे स्वतः टेक्सासचे होते, आणि न्यायमूर्ती होण्यापूर्वी केंद्राचे अ‍ॅटर्नी जनरल म्हणून राज्यांविरुद्धचे हे दावे त्यांच्याच कारकीर्दीत चालविले गेले होते.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती डग्लस यांचे आहे. त्यातील तर्क समजून घेण्यासाठी रोमन कायद्यातील दोन संज्ञा ध्यानात घ्याव्या लागतात. 'डॉमिनियम' म्हणजे वस्तूवरील मालकी आणि 'इम्पेरियम' म्हणजे प्रदेशावरील राज्यसत्ता. स्वतंत्र प्रजासत्ताक असताना टेक्सासकडे सागरतळाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी होत्या, हे डग्लस यांनी वादापुरते गृहीत धरले. परंतु संघात प्रवेश करताना टेक्सासने राज्यसत्तेचा बाह्य भाग सोडला. आणि समुद्राच्या बाबतीत मालकी व राज्यसत्ता इतक्या एकजीव असतात की, एकीबरोबर दुसरीही गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातील विलक्षण गोष्ट अशी की, ज्या 'समान पाया'च्या तत्त्वाने १८४५ मध्ये नव्या राज्यांना हक्क मिळवून दिले, त्याच तत्त्वाने १९५० मध्ये टेक्सासचे हक्क काढून घेतले. इतरांना जे नाही ते टेक्सासला असेल तर पाया समान राहत नाही, असे हे उफराटे सूत्र होते.

टेक्सासने ऐतिहासिक पुरावा मांडण्यासाठी सुनावणी मागितली होती. कायद्याचा प्रश्न पुराव्याने बदलत नाही, या कारणास्तव न्यायालयाने ती नाकारली. डॅनियल यांनी पुनर्विचाराचा अर्ज केला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ रॉस्को पाउंड, हान्स केल्सन, मॅनली हडसन अशा ख्यातनाम विधिपंडितांची मते सादर केली. अर्ज फेटाळला गेला. तरी हा सर्व उद्योग वाया गेला असे म्हणता येत नाही. न्यायालयाने जो पुरावा ऐकला नाही तो आता व्यवस्थित मांडलेला, छापलेला व विद्वानांच्या नावांनी प्रमाणित असा तयार होता. त्याचा श्रोता फक्त बदलावयाचा होता.

त्याच दिवशी, ५ जून १९५० रोजी, त्याच न्यायालयाने टेक्सासविषयीचा आणखी एक निकाल दिला. हेमन मॅरियन स्वेट या कृष्णवर्णीय अर्जदारास टेक्सास विद्यापीठाच्या विधिमहाविद्यालयाने १९४६ मध्ये केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला होता. खटला उभा राहिल्यावर राज्याने कृष्णवर्णीयांसाठी निराळे विधिमहाविद्यालय काढले आणि 'वेगळे पण समान' या १८९६ पासूनच्या सूत्राचा आधार घेतला. स्वेट यांच्या बाजूने थर्गुड मार्शल उभे होते. राज्याच्या बाजूने अ‍ॅटर्नी जनरल या नात्याने प्राइस डॅनियल. मुख्य न्यायमूर्ती व्हिन्सन यांनी एकमताच्या निकालपत्रात दोन्ही संस्थांची तुलना केली आहे. टेक्सास विद्यापीठाकडे १६ पूर्णवेळ व ३ अर्धवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ६५,००० हून अधिक ग्रंथ. नव्या संस्थेकडे ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी आणि सुमारे १६,५०० ग्रंथ. ज्या संस्थेतून राज्यातील ८५ टक्के लोकसंख्येचे वर्ग वगळलेले आहेत, तेथे वकिलीचे शिक्षण परिपूर्ण होऊ शकत नाही, असे सांगून न्यायालयाने स्वेट यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला.

डॅनियल यांच्या चरित्रात ही दोन प्रकरणे बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितली जातात. वस्तुतः ती एकत्र वाचली पाहिजेत. दोन्हींत पक्षकार एक, वकील एक आणि भूमिकाही एकच : राज्याच्या हद्दीतील व्यवस्थेत संघाने ढवळाढवळ करू नये. पहिल्या प्रकरणात या भूमिकेचे नैतिक समर्थन शाळेतील मुलांच्या नावाने केले जात होते. दुसऱ्या प्रकरणात त्याच राज्याच्या शिक्षणसंस्थेचे दार एका नागरिकास बंद ठेवण्यासाठी तिचा वापर होत होता. राज्याच्या स्वायत्ततेचा युक्तिवाद स्वतः तटस्थ असतो. तो कोणाच्या हितासाठी वापरला जातो यावर त्याची किंमत ठरते, हे या एका दिवसाच्या दोन निकालांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. स्वेट यांना १९५० च्या शरदात प्रवेश मिळाला. परंतु १९५२ मध्ये पदवी न घेताच त्यांना महाविद्यालय सोडावे लागले.

५. न्यायालयाकडून विधिमंडळाकडे

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार संघाच्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाकडे, आहे. सागरतळ संघाचा आहे असे न्यायालयाने ठरविले खरे. पण जे संघाचे आहे ते काँग्रेस राज्यांना देऊ शकते. न्यायालयातील पराभवातूनच विधिमंडळाचा मार्ग असा उघडा राहिला होता. राज्यांच्या बाजूचे ठराव काँग्रेसने यापूर्वी संमत केलेही होते. परंतु अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४६ मध्ये आणि पुन्हा मे १९५२ मध्ये नकाराधिकार वापरून ते रद्द केले. अर्थात उरलेला अडथळा अध्यक्षपदाचा होता.

१९५२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी न्यायालयाच्या निकालास पाठिंबा दिला. रिपब्लिकन पक्षाचे आयझेनहॉवर यांनी राज्यांची मालकी मान्य केली. टेक्सासचे गव्हर्नर शिव्हर्स व अ‍ॅटर्नी जनरल डॅनियल हे दोघेही डेमोक्रॅट असून त्यांनी आयझेनहॉवर यांचा पुरस्कार केला. टेक्सास आयझेनहॉवर यांच्याकडे गेले आणि डॅनियल सेनेटवर निवडून आले.

सेनेटमधील विरोध साधा नव्हता. ओरेगनचे वेन मोर्स यांनी एप्रिल १९५३ मध्ये या विधेयकाविरुद्ध सलग बावीस तासांहून अधिक वेळ भाषण केले. अलाबामाचे लिस्टर हिल यांची सूचना अधिक मूलगामी होती. सागरी तेलाचे उत्पन्न सर्व राष्ट्राच्या शिक्षणासाठी राखून ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते. डॅनियल टेक्सासच्या मुलांच्या नावाने जे मागत होते, तेच हिल सर्व राज्यांतील मुलांच्या नावाने मागत होते. ज्या राज्याला समुद्र नाही त्या राज्यातील मुलाचा या तेलावर काही हक्क आहे काय, या प्रश्नाला राज्यांच्या पक्षाकडे कायद्याचे उत्तर होते, नीतीचे नव्हते. हिल यांची सूचना राज्यांच्या पट्ट्याविषयीच्या विधेयकात टिकली नाही. बाहेरील पट्ट्याविषयीच्या विधेयकात सेनेटने ती स्वीकारली, पण दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ती गळाली.

२२ मे १९५३ रोजी सागरमग्न भूमीचा कायदा मंजूर झाला. त्याने प्रत्येक किनारी राज्यास तीन मैलांपर्यंतचा तळ दिला. आणि मेक्सिकोच्या आखातातील राज्यांपुरती अशी तरतूद केली की, संघात प्रवेश करतेवेळी एखाद्या राज्याची हद्द याहून दूर असेल, अथवा काँग्रेसने तशी मान्य केलेली असेल, तर तीन लीगपर्यंतचा तळ त्या राज्याचा व्हावा. ७ ऑगस्ट १९५३ रोजी दुसरा कायदा झाला. त्यान्वये या रेषेपलीकडील भूखंडमंच संपूर्णपणे केंद्राचा ठरला. कालांतराने आखातातील तेलाचा मोठा भाग याच बाहेरील पट्ट्यातून निघाला. म्हणून राज्यांचा विजय तत्त्वतः मोठा असला तरी संपत्तीच्या मापाने तो अपुरा होता. तेव्हाच्या घोषणांत ही बाब झाकून गेली.

या दुसऱ्या कायद्याने एक नवा कायदेशीर पेचही निर्माण केला. तळाला रोवलेल्या तेलमंचास त्याने जणू बेट मानले. तेथे केंद्राचा कायदा लागू केला आणि जेथे त्यात पोकळी असेल तेथे लगतच्या राज्याचा कायदा केंद्राचाच कायदा म्हणून उसना घेण्याची तरतूद केली. लुइझियानाच्या किनाऱ्यापलीकडील अशा मंचांवर मरण पावलेल्या दोन कामगारांच्या वारसांना नुकसानभरपाई कोणत्या कायद्याने मिळावी, हा प्रश्न १९६९ मध्ये रॉड्रिग विरुद्ध एटना कॅज्युअल्टी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मंच ही नौका नसून बेट आहे, म्हणून नौकाविषयक कायदा नव्हे तर राज्याचा कायदा लागू, असे न्यायालयाने ठरविले. सागरी तेलाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुढील पिढीतील वकिलांचे बरेचसे आयुष्य याच भेदाभोवती गेले. सीमारेषा हा केवळ महसुलाचा विषय नव्हता; विधवेस कोणत्या दाराशी न्याय मागावा लागेल, हेही तीच ठरवीत होती.

६. तीन लीगची सिद्धी

१९५३ च्या कायद्यास अलाबामा व ऱ्होड आयलंड या राज्यांनी आव्हान दिले. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. संघाच्या मालमत्तेची व्यवस्था करण्याचा काँग्रेसचा अधिकार अमर्याद आहे, असे त्याने सांगितले. परंतु कायद्याने तीन लीग कोणत्या राज्यास मिळतात हे नावानिशी सांगितले नव्हते. त्याचा निर्णय ३१ मे १९६० रोजी झाला. केंद्राचे म्हणणे असे की, अमेरिकेने परराष्ट्रांशी वागताना नेहमी तीन मैलांचीच हद्द मानली आहे. राष्ट्राची हद्द तीन मैल असता राज्याची हद्द नऊ मैल असू शकत नाही. न्यायमूर्ती हार्लन यांनी हा युक्तिवाद नाकारला. परराष्ट्रांसंबंधीची हद्द आणि अंतर्गत वाटपासाठीची हद्द या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, आणि काँग्रेसने दुसरीविषयी कायदा केला आहे, असे त्यांनी दाखविले. मग १८३६ चा कायदा, १८४५ चे विलीनीकरण व १८४८ चा तह हाच पुरावा विचारात आला. टेक्सासला तीन लीग मिळाल्या. फ्लोरिडासही तेवढेच मिळाले. लुइझियाना, मिसिसिपी व अलाबामा यांना मात्र तीन मैलांवर समाधान मानावे लागले.

दहा वर्षांपूर्वी ज्या कागदांना न्यायालयाने अप्रस्तुत ठरविले होते, तेच कागद आता निर्णायक ठरले. कागद बदलले नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते वाचावयाचे तो प्रश्न विधिमंडळाने बदलला होता. डॅनियल त्या वेळी टेक्सासचे गव्हर्नर होते. पुढे १९६७ मध्ये किनाऱ्याबाहेर बांधलेल्या कृत्रिम बंधाऱ्यांच्या टोकापासून तीन लीग मोजाव्यात असे टेक्सासने मागितले, तेव्हा न्यायालयाने ते मानले नाही. डॅनियल १९७१ ते १९७८ या काळात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते.

बाहेरील पट्ट्याच्या उत्पन्नात राज्यांना वाटा देण्याची कल्पना नंतर कायद्यात आली. १९८६ मध्ये राज्याच्या हद्दीस लागून असलेल्या तीन मैलांतील उत्पन्नाचा २७ टक्के हिस्सा राज्यांना देण्याचे ठरले. २००६ च्या कायद्याने आखातातील ठराविक क्षेत्रांच्या उत्पन्नाचा ३७.५ टक्के हिस्सा टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी व अलाबामा यांच्यासाठी राखला. मालकीच्या भाषेत न सुटलेला प्रश्न अखेर हिश्शाच्या भाषेत सोडविला गेला, असे याचे तात्पर्य सांगता येईल.

७. भारतीय राज्यघटनेतील उत्तर

भारतात हा वाद उद्भवलाच नाही, याचे श्रेय मुख्यतः घटनाकारांच्या दूरदृष्टीस आहे. संविधानसभेत १९४९ मध्ये यासंबंधीचा अनुच्छेद मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे कारण स्पष्ट केले. समुद्रकिनारा असलेली काही संस्थाने संघराज्यात सामील होत आहेत. त्यांपैकी एखादे संस्थान प्रादेशिक समुद्राखालील संपत्ती आपली असल्याचे म्हणू शकेल. तशा दाव्यास वाव राहू नये म्हणून हा अनुच्छेद हवा, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. टेक्सासने पूर्वीच्या स्वतंत्र सत्तेच्या आधारे जो दावा केला, नेमका त्याच जातीचा दावा येथे अगोदरच बंद करण्यात आला. अनुच्छेद २९७ अन्वये प्रादेशिक समुद्राखालील भूमी, खनिजे व इतर मौल्यवान वस्तू संघाकडे निहित झाल्या. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात भूखंडमंचाची व १९७६ च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनन्य आर्थिक क्षेत्राची भर पडली.

याचा व्यावहारिक परिणाम महाराष्ट्रास परिचित आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय येथे, १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आसाम किंवा गुजरात यांच्या भूमीवरील तेलाचे स्वामित्वधन त्या त्या राज्यास मिळते. मुंबई हायचे स्वामित्वधन मात्र केंद्राकडे जाते. त्याच वेळी प्रादेशिक समुद्रातील मासेमारी हा राज्यसूचीतील विषय आहे. म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत पाण्यातील मासळीचे नियमन राज्याकडे आणि त्याच पाण्याखालील खनिज संघाकडे, अशी आपली विभागणी आहे. अमेरिकेत ज्या गोष्टीसाठी तेरा वर्षे वाद झाला, ती येथे एका अनुच्छेदाने ठरली. हे उत्तर निःसंदिग्ध आहे. मात्र किनाऱ्यावरील राज्यास सागरी तेलउद्योगाचे जे भार सोसावे लागतात त्यांची भरपाई कशी व्हावी, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. मालकी एकाची ठरल्याने वाटपाचा न्याय आपोआप ठरत नाही, हे दोन्ही देशांच्या अनुभवातून सारखेच दिसते.

८. उपसंहार

प्राइस डॅनियल यांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन दोन अंगांनी करावे लागते. विधिज्ञ म्हणून त्यांचे कौशल्य वादातीत आहे. न्यायालयाने दार बंद केल्यावर त्यांनी पुरावा जपून ठेवला, तो विधिमंडळाच्या उपयोगी पडेल अशा रीतीने मांडला, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बाजूने येऊ शकेल तो प्रश्न कायद्यात लिहून घेण्यास हातभार लावला. पराभूत पक्षाच्या वकिलाचे काम निकालाने संपत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे अंग असे की, ज्या सिद्धान्ताने त्यांनी समुद्रातील तेल टेक्सासच्या मुलांसाठी मागितले, त्याच सिद्धान्ताने ती मुले वर्णाप्रमाणे वेगळी बसविण्याचेही समर्थन केले. १९५६ मध्ये, शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालाविरुद्ध दाक्षिणात्य लोकप्रतिनिधींनी काढलेल्या जाहीरनाम्यावर सेनेटर डॅनियल यांची सही आहे. ५ जून १९५० च्या दोन निकालांपैकी पहिला काँग्रेसने तीन वर्षांत निष्प्रभ केला. दुसरा मात्र टिकला, आणि त्यानंतर चार वर्षांनी शाळांविषयीच्या निकालास आधार झाला. मालमत्तेचा हक्क विधिमंडळ एकाकडून काढून दुसऱ्यास देऊ शकते; समान नागरिकत्वाचा हक्क असा फिरविता येत नाही. सागरी तेलाच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्याने लीग व मैल यांच्या हिशेबाबरोबर हा भेदही नजरेसमोर ठेवला पाहिजे.